पानीबाईंची शनिवारची शाळा

घर दाखवण्याआधी त्यांनी आमची परीक्षा घेतली.

मिल्टन कीन्सच्या उत्तरेला वॉल्व्हरटन नावाचं जुनं गाव आहे. तिथे रेल्वेच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधलेली लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली घरं आहेत. त्यातल्या एका घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे असं नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, म्हणून आम्ही दोघं आणि आमची चार वर्षांची लेक असे नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिथे गेलो. दार एका उंच, ताठ म्हातारीने उघडलं. पांढऱ्या केसांची वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली, अंगात पुरुषी कार्डिगन. वय पंचाहत्तरीच्या पुढे असावं. तिने आम्हाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, स्वतः उभी राहिली आणि म्हणाली,

"सैनिक दारात आहेत. तुम्हाला अर्धा तास दिलाय. बरोबर काय घ्याल?"

नवऱ्याला वाटलं, आग लागली तर काय करायचं, तसला काही प्रश्न आहे. तो म्हणाला, "लॅपटॉप. आणि डिग्री सर्टिफिकेटं."

तिने त्याच्याकडे फार वेळ पाहिलंही नाही. माझ्याकडे वळली.

"मुलीचे गरम कपडे," मी म्हटलं. मग खरं तेच सांगितलं. "आणि कुकर."

"कुकर का?"

"त्यात काहीही शिजतं. आणि जळण कमी लागतं."

"खोल्या तुमच्या," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवलं.

हा प्रश्न त्या प्रत्येक भाडेकरूला विचारत, हे नंतर कळलं. आमच्या आधी आलेल्या एका गृहस्थांनी इन्शुरन्सचे कागद असं उत्तर दिलं होतं आणि त्यांना चहा मिळाला नव्हता. प्रश्न त्यांनी मनाने रचलेला नव्हता. त्या पाच वर्षांच्या असताना पूर्व पोलंडमधल्या त्यांच्या गावी रशियन सैनिक खरोखरच दारात आले होते, आणि खरोखरच अर्धा तास दिला होता. वडिलांना त्याआधीच नेलं होतं. ते पुन्हा कधी दिसले नाहीत. आजीने देवाची तसबीर उचलली. आईने शिलाई मशीनचं डोकं टेबलापासून सोडवलं आणि पिसांच्या रजईत गुंडाळलं. त्या मशीनवरून सासूसुनेचं गाडीत भांडण झालं म्हणे, की एकीने देव धरायचा आणि दुसरीने लोखंड. पुढे गुरांच्या डब्यातून हजारो मैल, कझाकस्तानातला बर्फ, मग इराण, मग बोट. आजी वाटेतच गेली. मशीन टिकलं. "आम्ही त्या मशीनवर जगलो," पानीबाई सांगत, "म्हणून तुझा कुकर मला पटला."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यातला एक उच्चार देवनागरीत बसत नाही, आणि चुकीचं लिहिलेलं त्यांना चालणार नाही. पोलिश भाषेत बाईमाणसाला आदराने 'पानी' म्हणतात, तेवढ्यावर आम्ही भागवलं. फोनवर माझी आई वैतागली. "अगं, एवढ्या मोठ्या बाईला पाणी काय म्हणतेस? मावशी म्हण." मी तसं त्यांना सांगून पाहिलं. मावशी म्हणजे आईची बहीण, हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. "तुझ्या आईला मी ओळखत नाही. आधी ओळख करून दे." तोवर मग पानीबाई.

नावाच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. एकदा मी त्यांना गाडीतून जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांचं आडनाव पुकारलं, म्हणजे पुकारायचा प्रयत्न केला. पानीबाई मासिक चाळत बसून राहिल्या. मुलीने पुन्हा पुकारलं. मी कोपराने ढोसलं.

"मला नाही बोलावलं," त्या म्हणाल्या. "तिने जे नाव घेतलं ते कुणाचंच नाही."

शेवटी ती मुलगी बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. पानीबाईंनी मासिक बाजूला ठेवलं आणि वेटिंग रूममधल्या सगळ्या सर्दी-खोकल्यासमोर तिला ते आडनाव तीन तुकडे करून शिकवलं. तिसऱ्या वेळी ते जमलं. पानीबाई उठल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "थँक यू. आता तुला अवघड असं कुठलंच नाव राहिलं नाही."

परत येताना त्यांनी मला विचारलं, "ऑफिसात तुला काय म्हणतात?"

माझं नाव 'ज्ञ'पासून सुरू होतं. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मी 'जी' झाले होते, इंग्रजी बाराखडीतला. मी हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. सोमवारी मी टीम मीटिंगमध्ये माझं नाव फळ्यावर फोडून लिहिलं. ते आजही थोडं चुकवतात, पण 'जी' म्हणत नाहीत.

त्यांचं आणि आमचं सूत जुळलं त्याला अजून एक कारण होतं. भेटेल त्या भारतीय माणसाला त्या एकच विचारत, "कोल्हापूरपासून किती लांब?" कोपऱ्यावरचा फार्मसिस्ट गुजराती, त्याचा जन्म लेस्टरचा. त्याने कोल्हापूरचं नाव पहिल्यांदा यांच्याच तोंडून ऐकलं होतं. मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "चालेल."

इराणहून ती बोट त्यांना हिंदुस्थानात घेऊन आली होती. कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, हे मी पुण्यात शाळा-कॉलेज करूनही धड ऐकलेलं नव्हतं. पानीबाई तिथे वयाच्या आठव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत राहिल्या. कौलारू छपरांच्या लांबच लांब बराकी, चटयांच्या भिंती, दारापुढे लावलेली फुलझाडं. आईने मशीनला स्थानिक सुताराकडून नवं टेबल करून घेतलं आणि आसपासच्या बायकांच्या चोळ्या शिवायला घेतल्या. तिथेच त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पोटभर केळी खाल्ली. आणि तिथेच त्या पहिल्यांदा शाळेत गेल्या, तीही स्वतःच्या भाषेच्या.

"आमच्याकडे देश नव्हता," त्या सांगत. "नकाशावर होता, पण आमचं गाव त्यातून बाहेर गेलं होतं. पण सकाळी आठ वाजता घंटा वाजायची, आणि बाईंनी विचारलेल्या प्रश्नाला पोलिशमध्ये उत्तर द्यायचं. म्हणजे देश होता."

त्यांचं मराठी मोजून वीस-पंचवीस शब्दांचं होतं. दूध, केळी, चल, लवकर, अगं बाई. सगळ्यात लाडका शब्द 'नगं'. फोनवर कुणी इन्शुरन्स किंवा सोलर पॅनेल विकायला लागलं की त्या "नगं, नगं" म्हणून फोन ठेवून देत. माझ्या सदाशिवपेठी नवऱ्याने एकदा न राहवून सुधारलं, "ते 'नको' आहे, पानी."

"नगं," त्या ठाम म्हणाल्या. "मी केळीवालीकडून शिकले. तिला माहीत असणार."

त्यांच्या घरात पावाचा तुकडा फेकला जात नसे. चुकून जमिनीवर पडला तर त्या तो उचलून ओठांना लावत आणि मग पक्ष्यांसाठी वेगळा ठेवत. आम्ही तिथे दोन वर्षं राहिलो, तेवढ्यात माझ्या लेकीने ते उचललं. पुण्याला गेलो असताना तिच्या हातून पोळी पडली, तिने ती उचलून ओठांना लावली, आणि माझ्या आईने "बघा, परदेशात राहून कसे संस्कार केलेत" म्हणून सगळ्या सोसायटीत माझं कौतुक केलं. मी ते कौतुक ठेवून घेतलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलिश घरांत टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी. बहुतेक घरांत ते रिकामंच राहतं. पानीबाई वाट बघत बसत नसत, पाहुणा पकडून आणत. एका वर्षी त्यांनी पार्सल द्यायला आलेल्या कुरिअरवाल्याला बाहीला धरून आत आणलं. बाहेर व्हॅनचे दिवे लुकलुकत होते आणि तो बिचारा उभ्याउभ्या बीटाचं सार पीत होता. दुसरी वाटी त्याने मागून घेतली.

पण हे सगळं त्यांचं घरातलं रूप. त्यांचा खरा जीव होता शनिवारच्या शाळेत.

गावात पोलिश क्लबचा एक साधासा हॉल आहे. पानीबाईंचे यजमानही पोलिश, रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. हॉलमधली बाकं त्यांनीच केली होती. ते गेल्याला बरीच वर्षं झाली होती. पानीबाई लग्न होऊन आल्यापासून दर शनिवारी सकाळी तिथे मुलांना पोलिश शिकवत आल्या होत्या. मधल्या काळात मुलं इतकी कमी झाली, की एका वर्षी वर्गात तीनच होती आणि त्यातली दोन जुळी होती. सगळ्यांनी सांगितलं, आता बंद करा. त्या म्हणाल्या, तीन म्हणजे बहुवचन. मग पोलंड युरोपियन युनियनमध्ये गेलं, तिकडून तरुण कुटुंबं कामाला आली, आणि हॉल भरून वाहायला लागला.

नव्या मंडळींचं आणि त्यांचं सुरुवातीला जमलं नाही. त्यांची पोलिश युद्धापूर्वीची. नव्या आया तोंडावर रुमाल धरून हसत. त्यांना ती पणजीची भाषा वाटे. उलट पानीबाईंना त्यांची भाषा टीव्हीवरची वाटे, जागोजागी इंग्रजीची ठिगळं लावलेली. पण मुलं कुणाचीही असोत, नियम एकच. त्या दारात उभ्या राहून प्रत्येक मुलाशी हस्तांदोलन करत आणि तिथून पुढे एक वाजेपर्यंत इंग्रजी बंद. कुणी इंग्रजीत बोललंच तर त्या कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवत आणि प्रसन्न चेहऱ्याने त्या मुलाकडे पाहत राहत. एका आईने तक्रार केली, की अशाने मुलाचं शाळेतलं इंग्रजी मागे पडेल. पानीबाई म्हणाल्या, "मला पाच भाषा येतात. त्यातल्या दोन जबरदस्तीने शिकवल्या. एकीनेही दुसरीला धक्का देऊन बाहेर काढलं नाही. डोकं म्हणजे काय सुटकेस आहे?"

आम्ही जवळच स्वतःचं घर घेतलं तोवर लेक सहा वर्षांची झाली होती. घरात आम्ही मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "जेवलीस का?" "येस." "काय जेवलीस?" "स्टफ." कधी मूड असला तर "मम्मा, माझा बॅग कुठे गेली?" असलं काहीतरी. मी म्हणायचे, होईल हळूहळू. मग एका रविवारी आईचा फोन आला. ती जरा लाजतच म्हणाली, "अगं, मी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावलाय. आठवड्यातून तीनदा. नातीशी बोलता यायला हवं ना."

मी ते पानीबाईंना गंमत म्हणून सांगायला गेले आणि सांगताना रडले.

त्यांनी मला पाणी वगैरे काही दिलं नाही. तरातरा कोट चढवला. "सत्तर वर्षांची बाई भाषा शिकते आणि सहा वर्षांची मुलगी शिकू शकत नाही? चल."

त्या मला हॉलवर घेऊन गेल्या. मागच्या बाजूला जास्तीच्या टेबलांची एक खोली होती. "ही तुमची. दर शनिवारी. दहा ते बारा."

"पण मी शिक्षिका नाही, पानी. मी सॉफ्टवेअर टेस्ट करते."

"मीही नव्हते."

क्लबच्या कमिटीत यावर मीटिंग झाली. मला मुद्दाम बोलावलं होतं. कुणी म्हणालं इन्शुरन्सचं काय, कुणी म्हणालं किल्ली कुणाकडे राहणार, एकाने विचारलं की पोलिश क्लबमध्ये इंडियन क्लास कसा काय. पानीबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी आठ वर्षांची होते. या बाईच्या लोकांच्या जमिनीवर आम्ही शाळा काढली. पोलिश शाळा. पाच वर्षं. आम्हाला कुणी विचारलं नाही, की इथे पोलिश कसं काय." आणि पर्स उचलून घरी गेल्या. पुढे चर्चा झाली नाही.

सहा मुलांवर आमचा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी पानीबाई मागे बसून होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "तू फार माफी मागतेस. 'मराठी जरा डिफिकल्ट आहे, पण' असं चारदा म्हणालीस. पुन्हा म्हणू नकोस. मुलांना ते खरं वाटतं."

ब्रेक्झिटचं सार्वमत झालं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. निकालानंतर काही दिवसांनी, एका शुक्रवारी सकाळी, हॉलच्या दारावर कुणीतरी काळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत 'गो होम' लिहिलेलं सापडलं. पोलीस आले, फोटो काढून गेले. केअरटेकर रंगाचा डबा घेऊन आला. पानीबाईंनी त्याला थांबवलं. वर्गातून खडू आणला आणि त्या अक्षरांच्या खाली, शाळेतल्या सुवाच्य वळणात, इंग्रजीतच लिहिलं: "कुठल्या?"

मी लंच-ब्रेकमध्ये पोचले तेव्हा ते दोन्ही दारावर होतं. मला त्या शांतपणे म्हणाल्या, "मी खरंच विचारतेय. माझं जन्माचं घर आता दुसऱ्या देशात आहे. कझाकस्तानातली झोपडी? वळिवड्याची बराक? की इथून तीन गल्ल्यांवरचं, जिथे मी पन्नास वर्षं राहतेय? त्याने नीट पत्ता द्यावा."

दुपारनंतर समोरच्या घरातला इंग्रज म्हातारा रस्ता ओलांडून आला. निवृत्त सुतार. शनिवारच्या पार्किंगवरून तो गेली पंधरा वर्षं क्लबशी भांडत होता, कौन्सिलला पत्रं लिहीत होता. कुणाशी एक शब्द न बोलता त्याने दार बिजागऱ्यांसकट उतरवलं, फुटपाथवर आडवं टाकलं, लाकूड उघडं पडेपर्यंत घासलं, आणि परत बसवलं. पानीबाई चहाचा कप घेऊन तेवढा वेळ शेजारी उभ्या होत्या. पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा पार्किंगवरून भांडला.

पण त्या शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या आयाबापांचे फोन वाजत होते. या शनिवारी शाळा नको. महिनाभर बंद ठेवू. मुलांना कुणी काही केलं तर? मीही आमच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला: या आठवड्यात क्लास नाही, सर्वांनी काळजी घ्या. पुढे हात जोडल्याचं चिन्ह. टाकला आणि हायसं वाटलं, हे कबूल करते.

पानीबाईंनी शाळा उघडली. चार मुलं आली.

पुढच्या शनिवारी मी लेकीला घेऊन गेले, तर हॉलमध्ये चाळीसेक मुलं होती. एकमेकांचं बघून लोक परत आले होते. मी आमच्या खोलीचं दार उघडलं. फळ्यावर एक ते दहा आकडे लिहिलेले होते, देवनागरीत. वाकडेतिकडे, मोठे मोठे. पाच उलटा होता.

पानीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "गेल्या शनिवारी मी त्या चार मुलांना घेऊन इथे दिवा लावून बसले होते. वर्ग रिकामा ठेवायचा नसतो. मला लिहिता तेवढंच येतं, कोल्हापूरच्या दुकानांतून पाहिलेलं." त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फळ्याकडे बोट करून विचारलं, "पाच बरोबर आहे?"

"उलटा आहे," माझी लेक म्हणाली. मराठीत. आणि स्वतः जाऊन सरळ करून आली.

त्यानंतर मी एकही शनिवार चुकवला नाही. आईने मात्र इंग्लिशचा क्लास सोडला नाही. आता आवड लागलीय म्हणते.

पानीबाईंबद्दल एवढंच लिहिलं तर त्या फारच गोड वाटतील. तशा त्या नव्हत्या. एका बाबतीत त्यांचं मन दगडासारखं होतं. त्यांचं जन्मगाव आता पश्चिम युक्रेनमध्ये आहे. युद्धाच्या काळात तिथे मागे राहिलेल्या त्यांच्या मावशीचं घर शेजारच्या गावच्या युक्रेनियन माणसांनी जाळलं होतं, आत माणसं असताना. मी एकदा भीतभीत म्हटलं, की त्या बाजूलाही अशाच काही आठवणी असतील. "असतील," त्या म्हणाल्या. "त्यांनी त्या दुसऱ्या कुणाला सांगाव्यात." गावाचं नाव त्या फक्त पोलिशमध्ये घेत. नव्या नकाशावरचं युक्रेनियन नाव कुणी वाचून दाखवलं तर कानातलं यंत्र काढत.

मग रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पहिले दोन आठवडे पानीबाई टीव्हीसमोरून हलल्या नाहीत. स्टेशनांवरच्या बायका, हातात मूल, पाठीवर एक पिशवी. एका सकाळी त्यांचा मला फोन आला. "कॉम्प्युटर घेऊन ये. सरकारचा फॉर्म आहे, युक्रेनच्या माणसांना घरात घ्यायचा."

मी लॅपटॉप घेऊन गेले. टेबलाशी बसले. "पानी, तुमची खात्री आहे ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. "फॉर्म भर."

मे महिन्यात एक तरुण बाई आणि तिची सात वर्षांची मुलगी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या. पहिले काही आठवडे अवघड गेले. पोलिश आणि युक्रेनियन बऱ्याच जवळच्या भाषा. एकमेकींचं कळत होतं, पण पानीबाई मोजकंच बोलत. मीठ कुठे, टॉवेल कुठे, एवढंच. ती बाई पायही न वाजवता जिने उतरे. मी गेले की दोघी माझ्याशी बोलत, आपसात नाही.

एकदा मी त्या बाईला सहज विचारलं, की तू युक्रेनमध्ये कुठली. तिने एका शहराचं नाव सांगितलं. पानीबाई भांडी पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. तिच्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी एक नाव उच्चारलं, आपल्या गावाचं, पोलिशमध्ये. ती बाई म्हणाली, हो, माहीत आहे, माझ्या वडिलांच्या घरापासून वीस मिनिटांवर. आणि तेच नाव तिने तिच्या पद्धतीने घेतलं.

पानीबाईंचा हात कानाकडे गेला नाही. "पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. का ते सांगितलं नाही. मला वाटतं एकटीने बघायचं धाडस नव्हतं. त्या बाईचे वडील आपल्या जुन्या गाडीतून त्या गावी गेले होते आणि तिथून व्हिडिओ कॉल करत होते. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पानीबाई चांगला ड्रेस घालून समोर ताठ बसल्या होत्या.

पडद्यावर एक कच्चा रस्ता हलत होता. बदकं. निळं कुंपण. वडील चालता चालता युक्रेनियनमध्ये सांगत होते, मुलगी मधेमधे मला इंग्रजीत समजावत होती. चर्च होतं, रंग बदललेला. नदी अरुंद झालेली. पानीबाईंच्या घराच्या जागी बसस्टॉप होता आणि त्यामागे अक्रोडाचं झाड. "घर नाही राहिलं," ते वडील म्हणाले. "मला वाईट वाटतं, बाई." त्यांचा आवाज खरंच तसा होता. पानीबाईंनी फक्त मान हलवली.

"अजून काय दाखवू?" वडिलांनी विचारलं.

मग पानीबाई पोलिशमध्ये म्हणाल्या, "शाळा आहे का?"

फोन वळला. पिवळ्या रंगाची लांबट इमारत, खिडक्यांशी वाळूची पोती रचलेली. तिकडे दुपार झाली होती. दार उघडलं आणि मुलं बाहेर धावत आली. त्यांच्या बाईंना वडिलांनी काहीतरी सांगितलं. मग सगळी मुलं फोनभोवती गोळा झाली. पडद्यावर नुसती नाकं आणि पडलेले दात दिसत होते, आणि सगळी एकदम ओरडत होती.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारताहेत, तुम्ही आमच्या शाळेतल्या आहात का," ती बाई म्हणाली.

पानीबाई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आत जातील. पण त्या उभ्या राहूनच, शिक्षिका बोलतात तशा खणखणीत आवाजात, फोनला म्हणाल्या, "होय. नाव घातलं होतं. जायचं राहून गेलं."

कॉल संपला. त्यांनी फोन त्या बाईच्या हातात दिला आणि विचारलं, "तुझी मुलगी शनिवारी काय करते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून हॉलमधली तिसरी खोली त्या बाईच्या युक्रेनियन वर्गासाठी रिकामी केली. जुनी झुंबरं, नाताळच्या पताका, मोडकं पियानोचं स्टूल. पहिल्या दिवशी तिथे अकरा मुलं आली. आता एका खोलीत पोलिश, एकीत मराठी, एकीत युक्रेनियन चालतं, आणि भिंती पातळ असल्यामुळे तिन्हीकडच्या मुलांना तिन्ही भाषांतलं एक ते दहा येतं.

गेल्या वर्षी त्या गावच्या शाळेतून पानीबाईंना पत्र आलं, मुलांनी मिळून लिहिलेलं, सहीच्या जागी सगळ्यांची नावं. ती बाई भाषांतर करून देते म्हणाली, तर त्यांनी ऐकलं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांबरोबर तिसऱ्या खोलीत बसून त्या युक्रेनियन अक्षरं शिकल्या. चार महिने लागले. मग मला आणि त्या बाईला घरी बोलावून त्यांनी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, एकेक शब्द सोडवत. मुलांनी लिहिलं होतं की शाळेत नवी घंटा बसवली आहे, आणि युद्ध संपलं की तुम्ही या, तुम्हाला पहिल्या बाकावर बसवू.

पानीबाई आता नव्वदीच्या आहेत. पत्र वाचलं त्या आठवड्यात त्यांनी मला गाडी काढायला लावून फोटो काढून घेतला, कारण पासपोर्ट केव्हाच संपला होता. नवा पासपोर्ट परवा आला. मी उघडून पाहिला आणि त्यांना म्हटलं, "दहा वर्षांचा दिलाय."

त्यांनी चष्मा लावून तारीख नीट वाचली.

"पुरेल," त्या म्हणाल्या.